डायनासोरच्या शेणातलं गवत आणि आपला ऊस



गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बॉयलर पेटण्यापूर्वी, आपल्या कार्यक्षेत्रातील तीस-पस्तीस सभासदांबरोबर आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलो होतो. आनंदवन बघावे, ताडोबाचे जंगल बघावे, जमल्यास भामरागडकडे हेमलकसापर्यंत जाऊन यावे, असा साधा बेत होता. तो मुलूख धानाचा आणि जंगलाचा. ऊस विकास खात्याच्या माणसाने तिथे जाऊन काय शिकायचे, असे निघताना आम्हालाही वाटले होते. परत आलो ते मात्र गवताची एक गोष्ट घेऊन. ती आपल्या उसाचीच गोष्ट आहे, म्हणून या अंकात सविस्तर सांगत आहोत.

नदीकाठचा तुरा

वणीहून वरोऱ्याकडे जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. नदीच्या दोन्ही काठांना पांढऱ्या तुऱ्यांचे पट्टेच्या पट्टे वाऱ्यावर हलत होते. आमच्या बरोबरचे एक ज्येष्ठ सभासद, सगळे त्यांना आबा म्हणतात, खिडकीतून ओरडले, "साहेब, इकडं उसाला आधीच तुरा आला की हो!" सगळी गाडी हसली.

पुढे चहाला थांबलो तेव्हा आबांनी रस्त्याकडेची एक काडी मोडून आणली. आम्ही म्हणालो, "आबा, हा ऊस नव्हे, हे कांस." आबांनी काडी सोलली, चावली आणि थुंकून टाकली. म्हणाले, "गोडी नावाला. पण पेर बघा, डोळा बघा, पानाची कड बघा. सगळी उसाचीच ठेवण, नुसती काडीएवढी." मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या ओढ्याला हेच होतं. तुम्हीच गटाच्या मीटिंगला सांगितलं, तण आहे, मुळासकट काढा. मी जेसीबी लावला. दुसऱ्या पावसाळ्यात काठ ढासळला अन् दोन सऱ्या ओढ्यात गेल्या."

खोटे कशाला सांगा, आम्ही तसे सांगितले होते. शेतात शिरलेले कांस हे वाईट तण आहे, हे आजही खरे आहे. पण शेतातले कांस आणि ओढ्याच्या काठावरचे कांस यांत फरक करायला हवा होता, तो आम्ही केला नव्हता. आबांच्या हातातली ती काडी म्हणजे आपल्या उसाच्या बापाकडचे नाते आहे, हे तर आम्ही कधी कुणाला सांगितलेच नव्हते. ते पुढे येईलच. आधी पिसदुऱ्याला जाऊ.

पिसदुऱ्याचे दगड

आनंदवन पाहून झाल्यावर हाताशी अर्धा दिवस उरला होता. वरोरा तालुक्यातच पिसदुरा हे लहानसे गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपासून, हे गाव भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. इथल्या शेतांतल्या मातीत डायनासोरची हाडे सापडतात, आणि त्यांच्या शेणाचे दगडही सापडतात.

शेणाचा दगड म्हणताच गाडीत पुन्हा हसू झाले. पण गोष्ट सोपी आहे. शेणाचा पो चिखलात गाडला गेला, त्यात खनिजे झिरपत राहिली, आणि लाखो वर्षांत शेणाची जागा दगडाने घेतली. आकार तोच राहिला, आणि पोटातून आलेले काही बारीक कणही आत तसेच राहिले. पिसदुऱ्याच्या या दगडांवर सी. ए. मॅटली यांनी १९३९ साली शास्त्रीय लेख लिहिला होता.

गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला बांधावर नेऊन जागा दाखवली. म्हणाले, "हे दगडं तं आमी लहानपणापासून पाहून राहिलो जी. बाहेरचे साहेब लोक येते, वाकून वाकून पाहते, कागदात बांधून नेते. आमी म्हणतो, का पाहून राहिले याच्यात?" आम्ही काही उचलले नाही, आणि कुणी उचलूही नये. असा दगड कुठल्या थरात, कुठल्या जागी पडला होता, यावरच त्याची किंमत ठरते. शोकेसमध्ये ठेवला की तो नुसता दगड.

'का पाहून राहिले' याचे उत्तर २००५ साली जगाला मिळाले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, त्यांच्याबरोबर कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी, यांनी पिसदुऱ्याच्या शेणदगडांतील कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात ताडवर्गीय झाडांचे, सूचिपर्णी झाडांचे आणि इतर वनस्पतींचे अवशेष होते. आणि त्यांच्याबरोबर गवताचे कण होते, तेही एका नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. या दगडांचे वय सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षे.

याचे महत्त्व असे, की तोवर गवताचा निर्विवाद जुना पुरावा साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचा होता. डायनासोर संपले आणि मग गवत आले, असेच पुस्तकांत लिहिलेले असे. पिसदुऱ्याने दाखवले, की डायनासोर जिवंत असतानाच गवत होते, त्यांच्या पोटात जात होते, आणि तेव्हाच त्याच्या वेगवेगळ्या शाखाही फुटलेल्या होत्या. २०११ साली याच परिसरातील शेणदगडांच्या पुढच्या अभ्यासातून भाताच्या कुळातील गवताचे कणही ओळखले गेले. त्यानंतर चीनच्या शास्त्रज्ञांनी एका डायनासोरच्या दातांवर याहूनही जुने, दहा कोटी वर्षांच्या पलीकडचे गवताचे कण सापडल्याचे मांडले आहे. म्हणजे पिसदुऱ्याने उघडलेले दार अजून मागे मागे उघडते आहे.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. पिसदुऱ्याचे हे थर साचत होते, त्या काळात दख्खनवर लाव्हा वाहत होता. त्याच लाव्ह्याचा काळा दगड झाला, आणि तो झिजून आपली काळी जमीन झाली. ज्या जमिनीत आपण सऱ्या सोडतो तिचा आणि त्या शेणदगडांचा काळ साधारण एकच आहे.

पाल्याची धार

आता कुणी विचारील, की शेण कुजते, गवत कुजते, मग हे कण टिकले कसे? याचे उत्तर प्रत्येक तोडणी मजुराच्या हातावर लिहिलेले आहे.

उसाच्या पाल्याने हात कापतो. कारण पानाच्या कडेला आणि पेशींत सिलिका असते, म्हणजे ज्या पदार्थाची वाळू आणि काच असते तोच. गवते जमिनीतल्या पाण्याबरोबर ही सिलिका शोषून घेतात आणि पेशींत साठवतात. पान कुजून जाते, पण त्या पेशीच्या साच्यात तयार झालेला सिलिकेचा बारीक कण तसाच राहतो. गवताच्या निरनिराळ्या कुळांत या कणांचे आकार वेगवेगळे असतात. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत डमरूसारखे कण मिळतात. जाणता माणूस कण बघून कूळ सांगतो, जसे आपण डोळा आणि पेर बघून उसाचा वाण सांगतो.

कारखान्यातील बंधूंना ही सिलिका वेगळ्या कारणाने माहीत आहे. बाष्पीकरण विभागात नळ्यांवर जी कडक खपली बसते तिच्यात ती असते, आणि बगॅसच्या राखेतही असते. गवताने ही तजवीज का केली असावी? किडीला आणि चरणाऱ्या जनावराला खाणे अवघड जावे, आणि पान ताठ उभे राहावे, हे त्याचे मोठे उपयोग आहेत.

गवत आले कधी आणि पसरले कसे

वरोऱ्याहून दक्षिणेकडे, गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचा आहे. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या त्या खोऱ्यातही डायनासोर सापडले आहेत. त्यांतला 'बारापासॉरस', म्हणजे मोठ्या पायाचा, हा लांब मानेचा प्रचंड शाकाहारी प्राणी. त्याच्या नावापुढे रवींद्रनाथ टागोरांचे नाव जोडलेले आहे. पण तो पिसदुऱ्याच्या प्राण्यांपेक्षा दहा कोटी वर्षांहून अधिक जुना. त्याच्या काळातल्या थरांत नेचे आणि सूचिपर्णी झाडे आहेत, गवताचा पत्ता नाही. म्हणजे सिरोंचाचे थर आणि पिसदुऱ्याचे थर यांच्या दरम्यान केव्हातरी गवत पृथ्वीवर आले.

आले तरी लगेच पसरले नाही. फार काळ ते जंगलाच्या सावलीत आणि पाणथळ जागी बेताने राहिले. मग साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी हवेतला कर्बवायू कमी झाल्यावर काही गवतांनी अन्न तयार करण्याची एक नवी रीत साधली. थोड्या कर्बवायूत, कडक उन्हात आणि कमी पाण्यात ती जास्त काम करते. ऊस, ज्वारी आणि मका या रीतीचे, भात आणि गहू जुन्या रीतीचे. गेल्या ऐंशी लाख वर्षांच्या सुमारास अशी गवते भारतासह जगभर मोठ्या प्रमाणावर पसरली. ऊस आणि ज्वारी यांचा पूर्वज साधारण त्याच काळात वेगळा झाला असावा, असा अंदाज आहे. आज जगात गवताच्या साडेअकरा हजारांच्या आसपास जाती आहेत.

यातला एक गुण आपल्या रोजच्या हिशेबाचा आहे. झाडाचा शेंडा छाटला की त्याची वाढ अडते. गवताचा वाढीचा डोळा बुंध्याशी, जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. जनावराने वरचे खाल्ले, वणवा लागला, तरी खालून फुटवे येतात. लाखो वर्षे चरणे आणि जळणे सोसून गवताने हे कमावले. आपण ऊस तोडतो आणि खोडवा धरतो, तो याच गुणाच्या जोरावर. खोडवा ही कारखान्याची किंवा शेतकी खात्याची युक्ती नव्हे, ती गवताची जुनी सवय आहे.

ताडोबात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. जंगलाच्या गाभ्यातून जी गावे बाहेर पुनर्वसित झाली, त्यांच्या जुन्या शेतांवर आज कुरणे आहेत आणि त्यांत चितळांचे कळप चरतात. कुणी पेरले नाही, गवत आपले आपण आले. रानातले कुसळ तर आणखी हुशार. त्याची शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पिळवटते, आणि बी आपोआप जमिनीत शिरत जाते.

याच जंगलातला बांबूही गवतच. ही गोष्ट कायद्याला मान्य व्हायला मात्र वेळ लागला. भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. २०१७ साली दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने त्याआधीच, २०११ साली, आपल्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवून दाखवला होता.

कांसाचे उपकार

आता आबांच्या त्या काडीकडे येऊ.

आपल्या आजोबांच्या काळी पुंड्या ऊस होता. जाड, मऊ, रसाळ, पोरांनी दातांनी सोलून खावा असा. पण तो नाजूक. त्याला पाणी भरपूर लागे, आणि रोग आला की तग धरत नसे. जावा बेटावर अशाच जाड उसाचे मळे होते. १८८० च्या दशकात तिथे 'सेरेह' नावाचा रोग आला आणि मळेच्या मळे बसले. त्याच बेटावर 'ग्लागाह' नावाचे रानटी गवत होते, म्हणजे आपले कांसच. त्याला सेरेह होत नव्हता. त्याचे रक्त असलेल्या संकराशी जाड उसाचे पुन्हा पुन्हा संकर करून १९२१ साली पीओजे २८७८ हा वाण निघाला. आठ-दहा वर्षांत जावाचे जवळजवळ सगळे ऊसक्षेत्र त्याने व्यापले.

आपल्याकडे कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. डॉ. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी 'वेल्लई' नावाच्या जाड उसावर कोईमतूरच्या कांसाचा पराग घातला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली पंजाबच्या शेतकऱ्यांना मिळाला आणि तिथल्या बारीक देशी उसाच्या पुढे गेला. आपण ज्या 'को' नंबरांवर पिढ्यान् पिढ्या जगलो, त्या मालिकेची सुरुवात अशी एका तणाशी सोयरीक करून झाली.

या सोयरिकीत एक नवल आहे. जीवाचे गुण वाहून नेणारे धागे असतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. जाड उसात ती ८०, कोईमतूरच्या कांसात ६४. नेहमीच्या नियमाने आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी यायला हवीत. पण इथे आईची सगळी ८० येतात आणि बापाची निम्मी, म्हणजे ३२. एकूण ११२. त्यामुळे गोडी आईची भरपूर राहते, आणि फुटवे, काटकपणा आणि खोडव्याची ताकद बापाची येते. पुढे त्या मुलांचा संकर पुन्हा जाड उसाशी करत गेले की साखर वाढते. आजच्या उसात कांसाचा वाटा साधारण दहा ते वीस टक्के उरतो, पण उसाचे कष्ट सोसणे बरेचसे त्या वाट्यावर चालते.

पीओजे २८७८ चे रक्त पुढे को ४१९ मध्ये आले, तो आपल्या वडीलधाऱ्यांचा 'चारशे एकोणीस नंबर'. मग को ७४०, मग कोसी ६७१. को ६२१९८ ही आई आणि कोसी ६७१ हा बाप यांपासून को ८६०३२ झाला, जो आज आपल्यापैकी बहुतेकांच्या शेतात उभा आहे.

गंमत बघा. १९४९ साली मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतले कांस ट्रॅक्टरने उपटायच्या यंत्रांसाठी आपल्या देशाने जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले. आणि त्याच सुमारास ऊस शास्त्रज्ञांच्या तुकड्या देशभर नद्या-नाल्यांच्या काठी कांसाचे नमुने गोळा करत हिंडत होत्या. दोन्ही कामे आपापल्या जागी बरोबर होती. शेतातले कांस शत्रू, पण त्याचा वंश संपवणे हा मूर्खपणा, हे तेव्हाच्या जाणत्यांना कळले होते.

सगळे कांस एक नव्हे

इथे मुख्य मुद्दा येतो. कांस म्हणजे एक गवत नव्हे, एका नावाखालचा मोठा गोतावळा आहे. पांजे आणि बाबू या शास्त्रज्ञांनी १९६० साली निरनिराळ्या प्रदेशांतल्या कांसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जातीत कुठे ४० गुणसूत्रे, तर कुठे १२८ पर्यंत. वाळवंटाच्या कडेला तेच, हिमालयाच्या पायथ्याला तेच, वर्धेच्या आणि वैनगंगेच्या काठीही तेच, पण प्रत्येक ठिकाणचे वेगळे. कांस बियांपासूनही वाढते, म्हणून प्रत्येक रोप थोडे निराळे. रानटी म्हणजे सगळेच निरोगी, असेही समजू नये. काही कांसाला काणीसुद्धा होते. पण हजारांत वेगळेपण असले की त्यात एखादे असे निघते, ज्याला तो रोग होत नाही. त्या एकासाठी हजार जपायचे असतात.

भाताने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत जुन्या मालगुजारी तलावांच्या आणि बोड्यांच्या कडेला रानटी भात उगवतो. त्याचे दाणे पिकण्याआधीच गळतात, म्हणून शेतकऱ्याला तो नकोसा. अशाच रानटी भाताचा उत्तर प्रदेशातला एक नमुना फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत होता. आशियात भाताला खुरटवणारा विषाणू रोग आला तेव्हा तिथे सहा हजारांवर नमुने तपासले गेले. रोगाला दाद न देणारा तो एकच निघाला. त्याचे रक्त घेऊन १९७६ साली आयआर ३६ वाण आला आणि पुढे तो एक कोटी हेक्टरवर पोचला. तो एक नमुना कुणी तण म्हणून टाकला असता तर?

चंद्रपूर जिल्ह्यातच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या पाहिल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. त्यातून एचएमटी तांदूळ झाला, जो आज आपल्याकडच्या किराणा दुकानातही मिळतो. घड्याळाचे नाव धानाला दिले, एवढेच त्यांचे बारसे. दादाजी २०१८ साली वारले. जमीन थोडी, शाळा थोडी, पण वेगळे दिसले ते उपटून फेकले नाही, ही त्यांची मोठी विद्या.

आपल्या शेतात काय आहे

आता आपल्या पायाखाली पाहू. ऊस आपण कांडीने लावतो. कांडीपासून आलेला ऊस आणि ज्याची कांडी तो ऊस एकच. म्हणजे एका वाणाची हजारो एकर लागण झाली, तरी वंशाच्या हिशेबाने ते एकच झाड लाखो ठिकाणी उभे आहे. त्याला लागू पडणारा रोग आला की तो सगळ्यांना लागू पडतो.

उत्तर प्रदेशात हे घडून गेले. को ०२३८ हा २००९ सालचा फार चांगला वाण. उतारा चांगला, वजन चांगले, शेतकरी खूश, कारखाने खूश. २०२० च्या आगेमागे तिथल्या उसाच्या क्षेत्रात पाचांत चार हिस्से हा एकच वाण झाला. मग लालकूज त्यावर बसली आणि मोठ्या क्षेत्रात उभा ऊस वाळला. वाण वाईट नव्हता, सगळ्यांनी एकच वाण लावला हे वाईट झाले.

आमच्याकडचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात जवळजवळ सगळ्यांनी एकाच वाणाची, आणि तीही एकाच शेतातल्या बेण्याची लागण केली. बेण्याचा तो प्लॉट आम्हीच पाहून पास केला होता. दुसऱ्या खोडव्यात चाबूक काणी दिसू लागली, आणि एका लहान सभासदाला दोन एकर खोडवा मोडावा लागला. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. "साहेब, पुढचं कुठलं लावू ते सांगा," एवढेच म्हणाले. तो विश्वास आमच्या डोक्यावर आजही ओझ्यासारखा आहे. वर्धेच्या पुलावर आबा बोलले तेव्हा आम्हाला तो खोडवा आठवला.

जगातल्या आजच्या उसाच्या वाणांत कांसाचे रक्त आले ते दहाच्या आतल्या मोजक्या रोपांकडून. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातली आपण एवढीच दारे ठोठावली आहेत. म्हणून कोईमतूरच्या संस्थेने केरळात कन्नूर येथे उसाच्या जातींचा मोठा संग्रह ठेवला आहे. आपल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आंबोलीला ऊस प्रजनन केंद्र आहे. तिथल्या हवेत उसाला चांगला तुरा येतो, म्हणून संकराचे काम तिथे चालते. पण संग्रहात सगळे मावत नाही. पुढचा रोग कुठला येणार हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्याचे उत्तर कुठल्या नाल्याच्या काठी उभे आहे, हेही नाही.

आपण काय करायचे

लांबची गोष्ट सांगून झाली, आता कामाची.

पहिले, सगळी लागण एकाच वाणाची करू नका. क्षेत्र थोडे असले तरी निदान दोन वाण ठेवा. जमीन, पाणी आणि हंगाम पाहून कुठले घ्यायचे ते गट ऑफिसला येऊन ठरवू.

दुसरे, बेणे शेजारच्या शेतातले, दिसायला चांगले म्हणून घेऊ नका. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित या तीन पायऱ्यांतूनच बेणे घ्या, आणि खोडव्याचे बेणे लावू नका. काणीचा चाबूक दिसला तर पोत्यात झाकून घेऊन बेट मुळासकट काढा आणि जाळा. लपवू नका, कळवा.

तिसरे, शेतात शिरलेले कांस जरूर काढा. पण ओढ्याच्या, नाल्याच्या, नदीच्या काठावरचे राहू द्या. ते माती धरते. तिथे जेसीबी लावू नका, आग लावू नका.

चौथे, रोगाच्या शेतात एखादे बेट निराळे, निरोगी उभे दिसले तर तोडणीआधी आम्हाला दाखवा. बहुतेक वेळा त्यात काही निघणार नाही. पण नांदेडच्या दादाजींनीही आधी फक्त थोड्या लोंब्याच पाहिल्या होत्या.

परतीच्या वाटेवर वर्धेच्या पुलावर आबांनी गाडी थांबवायला लावली. काठावरून कांसाचे एक ठोंब मुळासकट आणू का, आपल्या ओढ्याला लावतो, म्हणाले. आम्ही नको म्हणालो. दुसऱ्या मुलखातले ठोंब आपल्या उसाच्या शेजारी आणणे बरे नव्हे, रोगही बरोबर येतो. आबा म्हणाले, "मग आपल्याच ओढ्याचं राहिलंय का बघतो."

या पावसाळ्यात आम्ही त्यांच्या ओढ्यावर गेलो होतो. ढासळलेल्या काठाच्या खाली, जेसीबीच्या दातातून सुटलेल्या एका मुळीपासून कांस पुन्हा फुटले आहे. आबांनी त्याच्याभोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत, म्हशी चरू नयेत म्हणून.

ऊस विकास अधिकारी